न जमणें आणि न होणें : ठोकळ्यांच्या खेळावरून एक पाठ

वैशाखांत अमरावती-अकोल्याकडे भर दुपारीं बाहेर पाऊल टाकवत नाहीं. लगोरीचे गडी घरोघरीं अडकून पडतात आणि मुलांच्या हातीं मोबाइल येतो. असा खेळ म्हणजे कालाचा अपव्यय, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. ती सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ठोकळे रचण्याच्या एका खेळांत शिकण्यासारखें बरेंच आहे, व तें घरांतील सर्वांनीं मिळून शिकावें, एवढ्याकरितां हा पाठ.

ठोकळ्यांच्या साह्यानें शिकविण्याची पद्धति आपल्याकडे अपरिचित नाहीं. अमरावतीस कांहीं काळ वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ज्या माँटेसरी पद्धतीचा त्यांनीं पुरस्कार केला, तींत 'गुलाबी मनोरा' नांवाचें साधन आहे. त्यांत १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत कडांचे दहा घन असतात. क्रम चुकला कीं मनोराच बेडौल दिसतो. मुलास रागें भरावें लागत नाहीं. साधनच चूक दाखवितें.

हाच गुण टेट्रिस या खेळांत आहे. तो १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेई पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञानें रचिला. १० घरें रुंद व २० घरें उंच अशा चौकटींत वरून एकेक ठोकळा उतरतो. तो फिरवून, सरकवून नीट बसवावयाचा. ओळ पूर्ण भरली कीं ती नाहींशी होते. पोकळी राहिली कीं ओळ अडून राहते, आणि ढीग माथ्यास टेकला कीं डाव संपतो. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्याच्या दृष्टांताप्रमाणें येथेंही आधीं हिशेब आणि मग बांधणी.

प्रत्येक ठोकळा चार घरांचा असतो. मूळ आकार पांच. त्यांना आपण नांवें देऊं. चार घरें एका ओळींत, ती 'काठी'. दोनांवर दोन, तो 'चौक'. दोनांवर दोन, पण एक घर सरकून, ती 'पायरी'. तीन घरांच्या टोकावर चौथें, तो 'काटकोन'. तीन घरांच्या मध्यावर चौथें, तो 'कळस'. पायरी व काटकोन यांचीं आरशांतील प्रतिबिंबें निराळीं पडतात. म्हणून खेळांत एकंदर सात ठोकळे होतात.

विद्यार्थिमित्रहो, आतां जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे हे पांच मूळ आकार कापा. सर्व मिळून घरें २०. हे ठोकळे ४ × ५ घरांच्या आयतांत बरोबर बसवा; उलटे ठेवण्यासही मुभा आहे. अर्धा तास खुशाल प्रयत्न करा. ते बसणार नाहींत. मुलगा म्हणेल, "मला जमत नाहीं." वडील म्हणतील, "लक्ष दे." दोघांचेंही म्हणणें बरोबर नाहीं. कां, तें पाहा.

आयतांतील घरें बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकाआड एक काळीं करा. १० काळीं व १० पांढरीं होतील. काठी, चौक, पायरी व काटकोन हे कोठेंही ठेविले, तरी प्रत्येक दोन काळीं व दोन पांढरीं घरें झांकतो. कळस मात्र एका रंगाचीं तीन व दुसऱ्याचें एक झांकतो. म्हणजे पांच ठोकळे मिळून एका रंगाचीं ११ व दुसऱ्याचीं ९ घरें झांकणार. आपल्याला तर १० व १० हवीं आहेत! अर्थात् ही रचना हजार वर्षें प्रयत्न केला तरी होणें नाहीं.

'मला जमत नाहीं' आणि 'हें होतच नाहीं' या दोन गोष्टींत एवढें अंतर आहे. पहिलीवर उपाय अभ्यास; दुसरी कारणानें सिद्ध करावी लागते. १९९७ सालीं हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनीं दाखवून दिलें कीं, टेट्रिसमध्यें डाव्या-उजव्या पायऱ्याच आळीपाळीनें येत राहिल्या, तर कितीही कुशल खेळाडू अखेर हरतोच. तेव्हां प्रत्येक पराभव हा दोष नव्हे; पण कारण न देतां 'होत नाहीं' म्हणणें ही निव्वळ सबब होय.

पालकांसही आमची एक विनंति आहे. गणितांत मागें पडलेल्या मुलास "तुला हें येणारच नाहीं" असें आपण सहज बोलून जातों. हें विधान दुसऱ्या जातीचें आहे. तें सिद्ध करावें लागतें. ११ व ९ घरांसारखें कारण दाखवितां आलें तरच तें बोलावें. एरवीं मुलाच्या शेजारीं बसून आणखी एक प्रयत्न करावा.

घरीं करण्यास दोन प्रश्न देतों. (१) खेळांतील सातही ठोकळे एकेक घेऊन ४ × ७ घरांचा आयत भरतां येईल काय? (२) केवळ चार कळसांनीं ४ × ४ घरांचा चौरस भरतां येईल काय? यांपैकीं एक गोष्ट होण्यासारखी आहे, दुसरी नाहीं. कोणती कोणती, तें आईवडिलांसह बसून ठरवा. जी होते ती करून दाखवा आणि जी होत नाहीं तिचें कारण लिहून आणा.