सैल माशी आणि हुकलेला नेम

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. ऊस गाळपाचा हंगाम संपला की येथील यंत्रे खोलली जातात, बोल्ट पुन्हा आवळले जातात, झिजलेले भाग बदलले जातात. सतत हादरे सोसणारी कोणतीही जोडणी कधी ना कधी सैल होते, हे या परिसरातील फिटरला कोणी शिकवावे लागत नाही. उसाची बैलगाडी हाकणाराही रस्त्याला लागण्यापूर्वी आसाची खीळ हाताने चाचपून पाहतो. हाच साधा नियम पिस्तुलालाही लागू आहे. मात्र तेथे सैल झालेला भाग आकाराने इतका लहान असतो की दोष त्याचा असूनही ठपका माणसाच्या हातावर येतो.

कोल्हापूर जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले; आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. बिद्रीच्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकाविले. अशा यशानंतर गावोगावची मुले नेमबाजीकडे वळू लागतात आणि शिक्षक, पालक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यावर नवी जबाबदारी येते. म्हणून या साधनातील एका सामान्य दोषाची ओळख येथे करून देत आहोत.

माशी म्हणजे काय?

पिस्तुलाच्या नळीवर एक पोलादी आवरण बसविलेले असते. प्रत्येक गोळी सुटताच ते वेगाने मागे जाते व स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येते. यास स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या मागील टोकास एक खाच व पुढील टोकास एक लहान उंचवटा असतो. जुन्या मराठीत या उंचवट्यास ‘माशी’ म्हणत. आज सरावाच्या मैदानावर ‘फ्रंट साइट’ हा शब्द रूढ आहे. मागच्या खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसावी, दोन्ही बाजूंस सारखा उजेड राहावा आणि दोहोंचे माथे एका रेषेत यावेत, अशी नेम धरण्याची रीत आहे.

माशी बसविण्याच्या मुख्य पद्धती चार आहेत. पहिलीत स्लाइडमध्ये आडवी, तळाशी रुंद व वर अरुंद अशी खाच कापून तीत माशीचा पाया घट्ट सरकवितात. यास डव्हटेल म्हणतात. दुसरीत माशीचे बारीक खुंट स्लाइडच्या छिद्रातून आत घेऊन आतल्या बाजूने ठोकून पसरवितात. तिसरीत आतून एक छोटा स्क्रू आवळलेला असतो, तर चौथीत आडवी पिन असते. काही पिस्तुलांत मात्र माशी स्लाइडमधूनच घडविलेली असते. ती सैल होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

माशी सैल होण्याचे प्रमुख कारण म्हणजे स्लाइडचा हिसका. स्लाइड वेगाने जाऊन एकदम थांबते, पण माशीची गती तिला पुढे ओढू पाहते. असे शेकडो हिसके बसले की जोडणी ढिली पडते. जोडीला पिस्तूल हातातून पडणे, सांध्यात तेल मुरणे किंवा मूळची बसवणूक सदोष असणे, ही कारणेही असतात.

याचा परिणाम किती व्हावा? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर प्रकारच्या पिस्तुलात मागची खाच व माशी यांतील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. माशी अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण नखाच्या जाडीइतकी, एका बाजूस सरकली असे समजू. अर्ध्याला २२० ने भागून २५ मीटरने, म्हणजे २५,००० मिलिमीटरने गुणले असता सुमारे ५७ मिलिमीटर येतात. अचूकतेच्या फेरीतील लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि नऊचा १००. म्हणजे जी गोळी दहाच्या मध्यबिंदूवर लागावयाची, ती आठच्या कड्यात जाते. स्लाइड असलेल्या आखूड पिस्तुलात दर्शकांतील अंतर १६० मिलिमीटर धरले, तर हीच चूक ७८ मिलिमीटरवर पोहोचते. गणिताच्या शिक्षकांना समरूप त्रिकोणांचे यापेक्षा जिवंत उदाहरण सहसा सापडणार नाही.

दिशेचाही नियम लक्षात ठेवावा. माशी उजवीकडे सरकली तर गोळ्या डावीकडे जातात. माशी वर उचलली गेली तर गोळ्या खाली लागतात. परंतु सैल माशी एका जागी राहत नाही. म्हणूनच गोळ्या कधी इकडे, कधी तिकडे पडतात, आणि पाहणाऱ्यास तो हाताचा कंप वाटतो.

ठपका कोणावर?

एखाद्या सराव शिबिराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गेल्या महिन्यापर्यंत उत्तम गुण घेणारी मुलगी अचानक मागे पडते. तिला ‘चाप झटक्याने ओढतेस’, ‘लक्ष नाही’ असे ऐकावे लागते. ती आपली पकड बदलते, श्वास बदलते, नेम मुद्दाम बाजूला धरू लागते. साधनातील दोष झाकण्यासाठी लागलेली ही वाईट सवय माशी दुरुस्त झाल्यावरही सुटत नाही. आशियाई स्पर्धेच्या त्या अंतिम फेरीत राही सरनोबत व थायलंडच्या स्पर्धक यांचे ३४-३४ असे समान गुण झाले होते; पहिला निर्णायक शूट-ऑफही ४-४ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात ३-२ ने निकाल लागला. जेथे एका गोळीवर पदक ठरते, तेथे विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी साधन तपासणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते.

तपासणी कशी करावी?

तपासणी पिस्तुलाचा परवानाधारक अथवा अधिकृत प्रशिक्षक यांनीच करावी. प्रथम नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी आणि नळीच्या मागील घरात काडतूस नाही याची डोळ्यांनी व बोटाने दुहेरी खात्री करावी. काडतुसे त्या टेबलावर मुळीच ठेवू नयेत.

त्यानंतर कोरड्या फडक्याने माशीभोवतीचे तेल पुसावे व बोटाने माशी डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलकेच दाबून पाहावी. दाबताना सांध्यातून तेलाची रेघ बाहेर येत असेल, तर आत फट पडली आहे असे समजावे. शंका राहिल्यास कारखान्यातील फिटरची युक्ती वापरावी. बोल्ट व त्याखालील भाग यांवर तो रंगाची एकच सलग रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे कळते. माशीचा पाया व स्लाइड यांवर अशीच बारीक रेघ ओढावी आणि सरावापूर्वी व सरावानंतर ती पाहावी. या तपासणीस अर्धे मिनिटही लागत नाही.

दुरुस्ती कोणी व कशी करावी?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्रांची दुरुस्ती करण्यास मनाई आहे. त्यामुळे असे पिस्तूल गावातील लोहाराकडे किंवा यंत्रशाळेत नेऊ नये. ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यावे. पोलीस दलातील शस्त्रांसाठी आर्मरर असतात. तरीही योग्य दुरुस्ती कशी असते, हे शस्त्रधारकास ठाऊक असणे हिताचे आहे.

स्क्रूची माशी असल्यास स्क्रू काढून त्याचे आटे तेलविरहित करतात, आटे धरून ठेवणाऱ्या मध्यम ताकदीच्या द्रवाचा एकच थेंब लावतात, बेताने आवळतात आणि तो द्रव पूर्ण वाळू देतात. फाजील जोर लावल्यास बारीक स्क्रू तुटतो. डव्हटेलमध्ये किंचित मोठ्या पायाची नवी माशी घेऊन कानशीने तिचाच पाया घासून बसवितात. स्लाइडची खाच घासू नये, कारण माशी स्वस्त व स्लाइड महाग असते. ती सरकविताना पितळी किंवा नायलॉनचा ठोकणा वापरतात. खुंटाची माशी असल्यास वरून तिला नीट आधार देऊन आतील टोक पुन्हा पसरवितात व ते नळीला घासणार नाही असे साफ करतात. पिन झिजली असल्यास नवीन पिन घालावी लागते.

दोन उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. झटपट चिकटणारा डिंक ठिसूळ असल्याने हादऱ्यांनी सुटतो, आणि पुन्हा दुरुस्ती करणाऱ्यास तो खरवडत बसावे लागते. डाख देण्यासाठी स्लाइड तापविणे तर धोक्याचे आहे, कारण पोलादास दिलेले पाणी उतरून त्याची ताकद कमी होऊ शकते. दुरुस्तीनंतर अधिकृत मैदानावर गोळ्या झाडून लक्ष्यावरील त्यांचा पुंजका पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.

जिल्ह्यातील नेमबाजी केंद्रे, शाळा आणि क्रीडा मंडळे यांनी प्रत्येक साधनासाठी एक नोंदवही ठेवून तीत तपासणीची तारीख, रेघेची स्थिती व झालेली दुरुस्ती लिहावी. वही भरण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास साधनाचा आदर व शिस्त आपोआप अंगी बाणते. बिद्रीच्या शिवारातील गाडीवान जसा निघण्यापूर्वी खीळ चाचपतो, तशी नेमबाजाने सरावापूर्वी माशी चाचपावी. साधन निर्दोष आहे अशी खात्री झाल्यावर मगच शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहावे.