पोहे कडक, पोहे मऊ, पोहे कुरकुरीत

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला आंबा छान, पाऊस छान, आजीची गोधडीही छान. विशेषणांचा तक्ता आणून अर्थांसकट पाठ करून घेतला. म्हणायला सांगितलं की धडाधड म्हणतो, पण बोलण्यात त्यातला एकही शब्द येत नाही. काय करावं?
— एक पालक, सातारा

उत्तर : तक्त्यात 'खरखरीत म्हणजे गुळगुळीत नसलेले' असं छापलेलं असतं. ज्याला दोन्ही शब्द नवे, त्याला यातून काय कळणार? वर्णनाचा शब्द कळतो तो दोन वस्तूंमधल्या फरकातून. म्हणून आधी वस्तू हातात द्या, शब्द मागून येऊ द्या.

सुरुवात पोह्यांपासून करा. एका वाटीत डब्यातले कोरडे जाडे पोहे, दुसरीत भिजवून निथळलेले, तिसरीत चिवड्यासाठी तळलेले. मुलाला बोटांनी दाबून, चावून पाहू द्या. कोरडे कडक, भिजलेले मऊ, तळलेले कुरकुरीत. तिन्ही वाट्यांत पोहेच असल्यामुळे नवा शब्द पोह्यांच्या कोणत्या गुणाबद्दल आहे हे त्याला आपोआप उमगतं. एरवी लहान मुलं अनोळखी शब्दाला वस्तूचंच नाव समजतात. नुसता काथ्या दाखवून 'हे बघ, खरखरीत' म्हटलं, तर काथ्यालाच 'खरखरीत' म्हणतात अशी त्यांची समजूत होऊ शकते. तळलेले पोहे पावसाळ्यात थोडा वेळ उघडे राहिले, तर 'सादळलेले' हा चौथा शब्द फुकटात पदरात पडेल.

मग उलटा खेळ खेळा. गुण एकच, वस्तू अनेक. पारिजातकाचं पान, न घासलेली करवंटी, सुताराचा पॉलिश पेपर, हात चाटणाऱ्या मांजराची जीभ, सगळं खरखरीत. आता तो शब्द काथ्यातून सुटला.

फरक दाखवण्याची ताकद किती असते, हे सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेतल्या बालवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलांना बाई सहज बोलता बोलता म्हणत, 'तो क्रोमियम ट्रे आण. निळा नको, क्रोमियम.' समोर दोनच ट्रे होते, एक निळा आणि एक शेवाळी. क्रोमियम हे रंगाचं नाव मुलांनी कधीच ऐकलं नव्हतं, तरी त्यांनी शेवाळी ट्रे उचलला. काही दिवसांनंतरही अनेकांच्या मनात त्या शब्दाचा धागा राहिला होता, नेमकी छटा मात्र सगळ्यांची पक्की झाली नव्हती. घरात हेच करता येतं. 'गुळगुळीत दगड नको, खडबडीत दे.' एवढ्या वाक्यात शब्दही येतो आणि त्याचा अर्थही.

मोठा-लहान, जड-हलका यांना मात्र ठरलेलं माप नाही. मोठ्यातला मोठा आवळाही नारळाशेजारी लहानच. अशा शब्दांच्या वेळी 'कशापेक्षा?' हे विचारायची सवय लावा.

आणि 'छान' काढून घेऊ नका. नुसतं 'कशी छान?' विचारलं की मूल गप्प बसतं, म्हणून दोन पर्याय पुढे ठेवा. 'गोधडी मऊ म्हणून छान की उबदार म्हणून?' दोन्ही म्हणाला, तर उत्तमच.

प्रश्न : लालभडक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट हे शब्द मुलांना फार आवडतात, पण यातल्या 'कुट्ट'चा अर्थ विचारतात तेव्हा पंचाईत होते.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : 'कुट्ट'ला वेगळं काढून अर्थ सांगायच्या फंदात पडू नका. काम कळलं की पुरे. तो काळ्याचा काळेपणा वाढवतो, आणि बहुधा काळ्याबरोबरच येतो. हिरव्याला गार, पिवळ्याला धमक, निळ्याला शार, आंबटाला ढाण अशा जोड्या ठरलेल्या आहेत. मुलांना त्या नादामुळे लक्षात राहतात.

वाढवणारे शब्द शिकवताना कमी करणारेही जोडीला द्या, म्हणजे पायऱ्या दिसतील : पिवळसर, पिवळं, पिवळंधमक. कच्च्या केळ्यांची फणी ओट्यावर ठेवा आणि रोज सकाळी रंग विचारा. हिरवंगार, मग हिरवट, पिवळसर, पिवळं, शेवटी काळपट. एका फणीत निम्मा धडा होतो. रूपही कानावर पडू द्या : पांढराशुभ्र सदरा, पांढरीशुभ्र साडी, पांढरंशुभ्र धोतर. बदलतो तो पहिला शब्द, 'शुभ्र' तसाच राहतो.

प्रश्न : आमची तीन वर्षांची नात 'काळी रिबीन'च्या चालीवर 'लाली रिबीन' म्हणते. टोकावं का?
— एक आजी, नागपूर

उत्तर : टोकू नका. तिनं काळा-काळी, हिरवा-हिरवी ऐकून नियम स्वतःच शोधला आहे, आणि तो बरोबरही आहे. शेवटी 'आ' असलेली विशेषणं नामाप्रमाणे बदलतात. लाल, गोड, मऊ, सुंदर यांच्या शेवटी तो 'आ' नाही, म्हणून ती बदलत नाहीत. एवढंच तिला अजून कळायचं आहे. व्याकरण समजावण्याऐवजी 'हो, लाल रिबीन बांधू या' असं बरोबर रूप बोलण्यात आणा.

तिच्याहून लहान नातवंड असेल, तर आणखी एक गोष्ट करून पाहा. मायकेल रॅमस्कर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. रंगाचा शब्द वस्तूच्या नावानंतर आला, तेव्हा मुलांना तो अधिक चांगला समजला. आपल्याकडे अशी रचना सहज जमते. 'लाल फुगा बघ' म्हणण्याऐवजी 'फुगा बघ, लाल आहे' म्हणा. आधी लक्ष फुग्याकडे जातं, मग रंगाकडे.