श्वासाचा हिशोब

मालवणच्या बंदरावर उभे राहिले म्हणजे समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याच्या बांधकामास आरंभ केला. त्याचा बुलंद तट पाहणारे पुष्कळ; परंतु जवळच पाण्याखाली चाललेले दुसरे बांधकाम फार थोड्यांच्या ध्यानी येते. तेथील गवंडी म्हणजे प्रवाळ नावाचे इवलेसे सागरी जीव. मालवणचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील प्रवाळ, माशांचे थवे आणि समुद्रपुष्पे जवळून पाहावयाची असतील, तर पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरावे लागते. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात.

परंतु मनात आले आणि उडी घेतली, असे येथे चालत नाही. आधी ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि नद्यांच्या गाळाने पाणी गढूळ होते. म्हणून पाणबुडे हिवाळ्याची वाट पाहतात. मग तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा ढोबळ अंदाज येतो, हे किनाऱ्यावरच्या माणसांचे जुने गणित. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा! नेमकी वेळ अर्थात भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ती कमी असते.

आता टाकीकडे वळू. तिच्यात निव्वळ प्राणवायू भरलेला असतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. सामान्यतः तिच्यात आपल्या भोवतीचीच हवा दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने भरलेली हवा मोकळी सोडली, तर ती सुमारे २४०० लिटर भरेल. पाणबुड्याला मिनिटास वीस लिटर हवा लागते असे धरले, तर ती दोन तास पुरावी. परंतु दहा मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब दुप्पट होतो. तेथे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते आणि दोन तासांचा एक तास उरतो. वीस मीटरवर उरतात चाळीसच मिनिटे. त्यांतूनही चौथा हिस्सा अडचणीसाठी राखावयाचा. म्हणजे हाती राहिली तीस मिनिटे. समंजस पाणबुडा हा हिशोब किनाऱ्यावरच करतो, आणि वर केव्हा निघावयाचे ते आधी ठरवून मगच खाली जातो.

हवा मुखाशी योग्य दाबाने आणून देणारे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. यंत्र उत्तम आहे. पण भ्यालेल्या माणसापुढे त्याचे काही चालत नाही. घाबरलेला मनुष्य श्वास रोखून वर धाव घेतो. दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट फुगते, आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुसे फाटतात. म्हणून शिक्षक पहिला धडा देतात तो हा, की श्वास कधीही रोखू नये आणि वर येताना घाई करू नये. उथळ पाण्यात याचा सराव झाल्यावाचून कोणालाही खोल नेत नाहीत.

खाली बोलता येत नाही. खुणाच कराव्या लागतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा होतो! सर्व ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचे. जोडीदार नेहमी नजरेच्या टप्प्यात हवा. प्रवाळास हात लावावयाचा नाही, की त्यावर पाय ठेवावयाचा नाही.

इतकी सिद्धता झाल्यावरही कधी कधी एखादी क्षुल्लक गोष्ट आडवी येते. सर्दी झालेल्या माणसाच्या कानांतील दाब जुळत नाही आणि खाली जाताना पडद्याला इजा होण्याचा संभव असतो. अशा माणसाने त्या दिवशी होडीतच बसावे. पाणी नितळ असले आणि सोबती एकामागून एक खाली उतरत असले, तरीही.