आतील लाकडी भिंतीसाठी औषध भरलेले लाकूड

घराच्या आतील आडभिंतीसाठी पुष्कळदा लाकडाचा सांगाडा उभारतात. वाळवी, भुंगेरे व बुरशी यांपासून तो टिकावा म्हणून औषध भरलेले लाकूड वापरतात. तथापि कोणते लाकूड कोठे वापरावे, याचा विचार न केल्यास पैसा वाया जातो व घरातील माणसांस अपायही होतो.

दाब-प्रक्रियेत सुकविलेले लाकूड लोखंडी बंद टाकीत ठेवून आतील हवा काढून घेतात. नंतर औषधाचे द्रावण दाबाने आत शिरवितात. त्यामुळे नुसत्या लेपापेक्षा ते पुष्कळ खोल जाते.

मोरचूद, क्रोमियम व सोमल यांचे मिश्रण सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली शोधून काढले. वाळवीवर ते प्रभावी आहे. परंतु सोमल हे विष होय. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी त्याचा उपयोग थांबविण्यात आला. म्हणून घरासाठी सोमलविरहित औषध भरलेले लाकूड मागून घ्यावे.

जोत्यावर टेकणारी तळपट्टी व न्हाणीलगतचा भाग यांना ओल लागते; तेथे दाब-प्रक्रियेचे लाकूड वापरावे. कोरड्या जागेतील उभ्या खांबांस सुकविलेल्या सागाचा गाभा पुरेसा होतो. हलके लाकूड वापरावयाचे असल्यास ते टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाने प्रक्रिया केलेले असावे. हे औषध पावसाने धुपते, परंतु छपराखाली टिकते.

पुढील दक्षता घ्यावी :

१. कापलेल्या टोकांस व भोकांस पुन्हा औषध लावावे.

२. प्रक्रियेनंतर लाकूड पुरते सुकल्याशिवाय भिंत बंद करू नये. ते आकसून वाकते.

३. तांबेयुक्त औषधाने साधे खिळे लवकर गंजतात. जस्त चढविलेले खिळे वापरावेत.

४. कापताना नाकातोंडावर फडके बांधावे. भुसा गोठ्यात पसरू नये.

५. तुकडे चुलीत किंवा बंबात मुळीच जाळू नयेत. सोमल भरलेल्या जुन्या लाकडाचा धूर विषारी असतो व राखेतही सोमल उरतो. अशी राख भांडी घासण्यास किंवा शेतात वापरू नये.

औषधी तळपट्टीवरूनही वाळवी मातीची नळी बांधून वरच्या लाकडापर्यंत जाते. यासाठी भिंतीचा पाया दृष्टीस पडेल असा मोकळा ठेवून तो वरचेवर तपासावा. ग्रामसेवकांनी बांधकामाच्या वेळीच या गोष्टी शेतकऱ्यांस, विशेषतः चूल सांभाळणाऱ्या भगिनींस, समजावून सांगाव्यात.