ताट एका दिवसात बदलू नका

मधुमेह आमच्या घरात जुनाच. हे काही वर्षं गोळ्या घेत होते, साखर जेमतेम आटोक्यात होती. मग एका आहार शिबिराला गेले आणि भारावून परतले. त्याच संध्याकाळी बिस्किटं, खारी, फरसाण, पांढरा तांदूळ असे सगळे डबे रिकामे झाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी वाडगाभर कच्ची मोडाची मटकी, दुपारी बाजरीची भाकरी आणि पालेभाजी, रात्री नुसती काकडी-गाजराची कोशिंबीर. भात बंद, पोळी बंद.

आधी पोटानं तक्रार केली. पोट गच्च, सतत गॅसेस, कळा, आणि वर बद्धकोष्ठ. वर्षानुवर्षं मऊ भात आणि चाळलेल्या कणकेची पोळी पचवणाऱ्या पोटात एकदम एवढा चोथा गेला, तर दुसरं काय होणार? चोथा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. त्याची सवय व्हायला काही आठवडे जावे लागतात. सोबत पुरेसं पाणी नसेल तर पोट साफ करणारा तोच चोथा पोटात अडून बसतो.

पण खरी भीती पुढेच होती. एका दुपारी हे खुर्चीत बसल्या बसल्या घामानं भिजले. हात थरथरत होते, शब्द अडखळत होते. ग्लुकोमीटर लावला, तर साखर ७० च्या बरीच खाली. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. आकडा चढला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.)

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘जेवण बदललंत, मग मला का नाही कळवलंत?’’ मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. यांच्या गोळीचं प्रमाण जुन्या जेवणावर ठरलेलं होतं. जेवण निम्म्यावर आलं, गोळी तेवढीच राहिली. शिबिरात शंभर गोष्टी सांगितल्या गेल्या, ही एक मात्र कुणी सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो.

ते अन्न वाईट नव्हतं, घाई वाईट होती. म्हणून पुढे आम्ही बेताबेतानं घेतलं. सुरुवात चहाबरोबरच्या बिस्किटांपासून केली, त्याजागी मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पुड्यांना भुलू नका. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. पहिलंच नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पदार्थ. मग कणीक चाळणं थांबवलं. कोंडा टाकायचा आणि चोथ्यासाठी बाहेरून पावडर आणायची, हा उलटा व्यवहार आहे.

त्यानंतर रात्रीच्या जेवणात एका पोळीच्या जागी ज्वारीची अर्धी भाकरी. ज्यांना भाकरी येत नाही म्हणून अडतं, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि तळव्यानं रगडून रगडून मळायचं. थापताना कडा चिरत असतील तर बहुतेक वेळा पिठाला विरी गेलेली असते, म्हणजे जुनं होऊन त्याचा होता तो चिकटपणाही गेलेला असतो. दळण थोडं थोडं आणा. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा, ते सुकत आलं की उलटा आणि शेवटी आचेवर फुगू द्या.

हातसडीचा तांदूळ आधी अर्धा तास भिजवा, पाणी जास्त घाला. पण तोही भातच आहे, वाढताना हात आखडता हवा. गुळाचंही तसंच, साखरेऐवजी गूळ घातला म्हणून मधुमेह्याला मोकळीक मिळत नाही. उसळी मुगापासून सुरू करा, मग मटकी. हरभरा, राजमा सगळ्यांत शेवटी. भिजवलेलं पाणी ओतून द्या, मोड आलेली कडधान्यं शिजवूनच खा आणि फोडणीत हिंग-जिरं असू द्या. एका बदलाला पोट सरावलं की मगच दुसरा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या घरात माणशी किती भाजी शिजते, ते एकदा तराजूवर मोजून पाहा. आमच्याकडे ती निम्मीही नव्हती. ती वाढवायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आणि एक कळकळीची विनंती. घरात कुणाला मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर ताटात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर डाळी आणि फळंसुद्धा विचारूनच वाढवावीत. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि दिवसभरात काय काय खाता ते एका कागदावर लिहून न्या.