कॅमेरा विकू नकोस

देवपूर, धुळे

चि. पिंटूस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. नाशिकला फोटोग्राफीच्या सरांनी तुझ्या ४० फोटोंतले ४ ठेवले, बाकीचे बाजूला सारले आणि तेव्हापासून तू कॅमेऱ्याला गिऱ्हाईक शोधतोयस म्हणे. खरं आहे का हे? ज्या कॅमेऱ्यासाठी दाजींनी कर्ज काढलं, तो एका दुपारच्या बोलण्यावरून विकायचा?

सरांनी बाकीचे बाजूला सारले ते मला पटलं, स्पष्टच सांगतो. एकवीरा देवीच्या यात्रेतले तुझे फोटो मी पाहिलेत. पाळणेवाला, नारळ विकणारी बाई, जाऊळ काढायला आणलेलं पोर, सगळे लांबून, मोठ्या लेन्सने ओढलेले, पाठमोरे. त्या बाईला ‘कसं शे माय?’ एवढं विचारलं असतंस तरी तिचा चेहरा मिळाला असता. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते त्यांच्यात वावरून.

घरात आम्ही सगळ्यालाच छान म्हणालो. त्यातून तुझ्या हाती काय लागलं? तूही मैत्रिणीच्या प्रत्येक फोटोला छानच म्हणतोस. कोणता फोटो डोळ्यांत राहिला, कुठल्या कडेला नको ती मोटारसायकल घुसलीय, हे तिला सांगत जा. आणि तुझ्या फोटोंवर कुणी बोलत असेल तर ‘तेव्हा ऊन फार होतं’ असं मध्येच सांगू नकोस. ऐकून घे.

३० जानेवारी १९४८ ला छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने दिल्लीत गांधीजींना आपलं फोटोंचं पुस्तक दाखवलं. गांधीजी न बोलता पानं उलटत गेले. शववाहिकेकडे पाहणाऱ्या माणसाच्या फोटोवर मात्र थांबले, अर्थ विचारला. त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. एवढ्या मोठ्या छायाचित्रकाराच्या पुस्तकात गांधीजींची नजर एकाच पानावर थांबली. तुझे तर ४ राहिले, आणि तू कॅमेरा विकायला निघालास!

तुझ्या वयात मीही आग्रा रोडवर, पाचकंदीलच्या बाजारात पुष्कळ फोटो काढले. कुणी नावं ठेवील म्हणून दाखवले नाहीत. आता ज्यांनी बघून चार शब्द सांगितले असते, ती माणसंच राहिली नाहीत. तुझं तसं होऊ नये, एवढीच धास्ती आहे. म्हणून पुन्हा सांगतो, विकू नकोस.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. त्या चारांतला पांझरा नदीच्या पुलावरचा म्हातारा, सायकल थांबवून चप्पल झटकणारा, मला फार आवडतो. त्याच्यापाशी तू थांबला होतास, हे फोटोत दिसतं. मामीनेही तो मागून घेतलाय.

पैशांची अडचण असेल तर ताईला न सांगता मला कळव. भरताची वांगी बाजारात आलीत, मामी कळण्याच्या भाकरी करील. दोन दिवस काढून ये. कॅमेरा घेऊन ये, पाचकंदीलला आपण दोघं जाऊ.

तुझा,
मामा