सूज नाही, मग दुखतंय काय?

प्रश्न : आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. आता सांधे सुजलेले नाहीत, दाह दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्याही नॉर्मल आहेत. तरी तिचं सगळं अंग ठणकतं, रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. डॉक्टर म्हणतात, सोबत फायब्रोमायाल्जिया आहे. पण औषध वाढवत नाहीत, चालायला सांगतात. घरात आता ‘हे दुखणं मनाचंच’ असं बोललं जातं. खरं काय?

उत्तर : दुखणं खरं आहे. फक्त ते एक नाही, दोन आहेत.

संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्यातून सूज येते, सांधा गरम लागतो, पुढे हाड झिजतं. फायब्रोमायाल्जियात यातलं काही होत नाही. वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जारज्जू आणि मेंदूतली यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते, म्हणून साध्या दाबानेही दुखतं. एरवी शंभरात दोन-चार जणांना होणारा हा त्रास संधिवाताच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात आढळतो. वर्षानुवर्षांची वेदना आणि मोडलेली झोप त्याला हातभार लावत असावी.

गोंधळ होतो तो मोजमापात. संधिवात किती सक्रिय आहे हे ठरवायला ‘डास-२८’ हा आकडा काढतात. बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे मिळून २८ सांधे तपासायचे. दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, ईएसआर किती आणि रुग्णाला एकूण कसं वाटतं, हे सूत्रात घालायचं. २.६ च्या खाली आजार शांत, ५.१ च्या वर तीव्र. पण सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्यांच्या दुप्पट वजन आहे. समजा १६ सांधे दुखतात, सुजलेला एकही नाही, ईएसआर २० आहे आणि रुग्णाने आपला त्रास शंभरपैकी ६० सांगितला. आकडा येतो ५.२, म्हणजे ‘तीव्र’! नुसता तो पाहून औषध वाढवलं, तर प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. शंका असेल तिथे सांध्यांची डॉप्लर सोनोग्राफी आत दाह आहे की नाही ते दाखवते.

‘संधिवात आहे, मग फायब्रोमायाल्जिया कसा?’ असंही विचारलं जातं. फायब्रोमायाल्जियाच्या निदानाच्या २०१६ च्या सुधारित निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की एका निदानामुळे दुसरं रद्द होत नाही. मात्र थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं. त्यांच्या कमतरतेनेही अंग दुखतं, थकवा येतो.

चालायला सांगणं ही बोळवण नव्हे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ संस्थेने फायब्रोमायाल्जियाच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस मिळालेला उपाय एकच होता : व्यायाम. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड इथे फारसे चालत नाहीत. गरज पडल्यास ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. पहिली दोन नैराश्यावरही वापरतात, त्यामुळे चिठ्ठी पाहून ‘बघा, मनाचंच आहे’ असं कुणी म्हणेल. पण इथे ती वेदनेच्या मार्गांवर काम करण्यासाठी दिलेली असतात. ॲमिट्रिप्टिलिनचा डोस तर नैराश्याच्या डोसपेक्षा बराच कमी असतो.

आईला दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करू द्या. सुरुवातीला अंग जास्त दुखेल, म्हणून सोडू नये. आणि बरं वाटलं त्या दिवशी घरातली सगळी कामं उपसू नयेत. मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करायचं नाही. एखादा सांधा नव्याने सुजला, गरम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन आकडे वेगवेगळे विचारा : दुखणारे सांधे किती आणि सुजलेले किती? कोणत्या दुखण्याचा उपचार वाढवायचा, हे या दोन आकड्यांतल्या फरकातून बरंचसं कळेल.